बर्फातल्या ट्रेकला निघण्याआधी: हिमस्खलन आणि डोंगरी हवामानाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी उरकली की हिमालयातले केदारकंठा, ब्रह्मताल, कुआरी पास, गुलमर्ग असे बेत ठरायला लागतात आणि मला फोन सुरू होतात. विचारणारी मंडळी बहुतेक सह्याद्रीत मुरलेली असतात. घसारा, निवळशंख पाण्याखालचं शेवाळ, पावसाळ्यातली दरड हे सगळं त्यांना डोळे मिटून कळतं. बर्फाचं गणित मात्र वेगळं आहे. सह्याद्रीत काल पडलेला पाऊस आज ओढ्याने वाहून जातो. बर्फ जागचा हलत नाही. डिसेंबरात पडलेला थर फेब्रुवारीत तुमच्या पायाखाली असतो आणि मधल्या दोन महिन्यांत त्याचं काय झालं, यावर तुमचा दिवस ठरतो. म्हणून तेच तेच विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

हिमस्खलन म्हणजे वरून बर्फ घसरतो, एवढंच ना?

घसरण्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यातला एकच माणसं जास्त मारतो. पहिल्या प्रकारात भुसभुशीत बर्फ एका ठिकाणाहून सुटतो आणि खाली येताना पसरत जातो. वाळूच्या ढिगाची कड ढासळते तसा. दुसऱ्या प्रकारात बर्फाचा एक अख्खा थर, खोलीएवढा किंवा मैदानाएवढा, एकाच वेळी तुटून निघतो. याला स्लॅब म्हणतात. तुम्ही त्याच्या काठावर नसता, मधोमध उभे असता. भेग तुमच्या वर पडते आणि पायाखालची जमीनच चालू लागते.

घरी करून बघा. पोळपाटावर साखरेचा पातळ थर पसरा, त्यावर दोन बोटं जाड कणीक टाकून हलक्या हाताने दाबा. आता पोळपाट एका बाजूने हळूहळू उचला. बराच वेळ काही होत नाही. मग कणकेला आडवी चीर जाते आणि वरचा थर एकसंध खाली येतो. कणीक वाईट नव्हती, साखर वाईट होती, आणि ती वरून दिसत नव्हती.

डोंगरात ही साखर खरोखर तयार होते. हिवाळ्याच्या सुरुवातीला थोडाच बर्फ पडतो आणि पुढे पंधरा-वीस दिवस आकाश निरभ्र राहतं. बर्फाखालची जमीन शून्याच्या आसपास असते, वरचा पृष्ठभाग रात्री उणे पंधरापर्यंत उतरतो. खालची वाफ थरातून वर सरकते आणि कणांचे जाड, टोकदार दाणे होतात. हे दाणे एकमेकांना धरत नाहीत. मुठीत घेऊन लाडू वळायला गेलात तर बोटांतून सांडतात. पुढे जानेवारीत जोरदार बर्फ पडला की तो या साखरेवर बसतो.

हा कच्चा थर ओळखायचा कसा?

कधी कधी डोंगर स्वतः सांगतो. एका फेब्रुवारीत गढवालमधल्या एका बुग्यालावरून, म्हणजे उंचावरच्या कुरणावरून, आम्ही सहा जण ओळीने चाललो होतो. जागा जवळपास सपाट होती. अचानक पायाखालून 'धप्प' असा दबका आवाज आला, वरच्या मजल्यावर कुणी जड गादी टाकावी तसा, आणि आजूबाजूचा सगळा बर्फ बोटभर खाली बसला. पुढच्या स्थानिक गाइडने मागे न बघता हात वर केला. आम्ही थांबलो. त्याने काठी उलटी धरून बर्फात खोचली. वीतभर ती जोर लावून जात होती, नंतर एकदम कोपरापर्यंत आत गेली. पुढची वाट एका तिरक्या उताराखालून जात होती. तो काही बोलला नाही, फक्त त्या उताराकडे बोट दाखवलं, आणि आम्ही आमच्याच पावलांवरून परत फिरलो.

तो आवाज म्हणजे खालचा थर कोसळल्याचा आवाज. सपाटीवर होतो म्हणून आम्ही होतो तिथेच राहिलो. तोच थर उतारावर कोसळला असता तर गोष्ट वेगळी होती. हा आवाज, पावलापासून काचेसारख्या पळत जाणाऱ्या भेगा आणि आसपासच्या उतारांवर आज-काल सुटलेला बर्फ, यातलं एक जरी दिसलं तरी तिरके उतार त्या दिवसापुरते बंद. यावर चर्चा करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

किती तिरका उतार धोक्याचा?

बहुतेक स्लॅब ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. २५ अंशांखाली सहसा सुटत नाहीत. ५५-६०च्या वर बर्फ साठतच नाही, थोडा थोडा गळत राहतो. अडचण अशी की ३५ अंशांचा उतार आपल्याला चढायला छान वाटतो. धडकी भरवणारा नसतो, म्हणून आपण बिनधास्त जातो.

मोजायला सारख्या लांबीच्या दोन ट्रेकिंग काठ्या पुरतात. एक काठी आडवी धरून तिचं एक टोक उताराला टेकवा. मोकळ्या टोकापासून दुसरी काठी खाली सरळ लोंबती धरा. दुसरी काठी अर्ध्या लांबीवरच बर्फाला भिडली तर उतार साधारण २६ अंश. पूर्ण लांबी लागली तर ४५. अर्ध्याच्या पुढे गेली की तुम्ही धोक्याच्या पट्ट्यात शिरलात असं समजा. मोबाइलमध्येही कोन मोजायची सोय असते, पण थंडीत बॅटरी कधी मान टाकेल सांगता येत नाही.

मी सपाट वाटेवरून चाललोय. मग मला काय?

तुमच्या डोक्यावर काय आहे ते बघा. वर सुटलेला बर्फ पायथ्याच्या सपाटीवर बराच लांबपर्यंत येतो. २८ फेब्रुवारी २०२५ला बद्रीनाथजवळच्या माणा इथे सीमा रस्ते संघटनेच्या कामगारांच्या मुक्कामावरच हिमस्खलन आलं. ५४ जण सापडले, आठ गेले. अनेक जण लोखंडी कंटेनरमध्ये होते म्हणून वाचले. ती माणसं काही शिखर चढत नव्हती. ४ एप्रिल २०२३ला सिक्कीममध्ये नथुला रस्त्यावर सात पर्यटक दगावले, तेही रस्त्यालगत. परवानगी तेराव्या मैलापर्यंत होती, माणसं पंधराव्या मैलापर्यंत गेली होती.

आपल्याकडे जिला नळी किंवा घळ म्हणतो ती बर्फात सगळ्यात वाईट जागा. वरचा सगळा बर्फ तिथेच गोळा होऊन येतो आणि थोडासा जरी आला तरी खोल गाडतो. शक्य असेल तिथे सोंडेवरून किंवा धारेवरून चला. धारेवर मात्र वाऱ्याच्या पलीकडच्या बाजूला बर्फाचा सज्जा बाहेर आलेला असतो. त्याला कॉर्निस म्हणतात. खाली आधार नसतो, म्हणून काठापासून चांगलं आत राहा. फोटोसाठी तर अजिबात जाऊ नका.

झाडंही सांगतात. देवदाराच्या दाट रानात वरपासून खालपर्यंत एकच उघडी पट्टी दिसली, भोजपत्राची खोडं उताराच्या दिशेने वाकलेली दिसली, किंवा झाडाच्या वरच्या अंगाच्या फांद्या मोडून फक्त खालच्या अंगाच्या उरल्या असतील, तर ती हिमस्खलनाची नेहमीची वाट आहे. तिथे पाणी प्यायलाही थांबू नका. एकेकाने, अंतर ठेवून, न रेंगाळता ओलांडा.

गावकरी 'ग्लेशियर आया' म्हणतात. म्हणजे हिमनदी फुटली का?

बहुतेक वेळा ते हिमस्खलनाबद्दल बोलत असतात. उत्तराखंडात बोलण्यात आणि तिथल्या वर्तमानपत्रांतही हे दोन्ही शब्द सरमिसळ वापरले जातात. 'आगे गदेरे में ग्लेशियर आया है' असं ऐकलंत तर पुढच्या नाल्यात बर्फाचा लोंढा येऊन पडलाय असं समजा, आणि कधी आला ते विचारा. काल आला असेल तर शेजारच्या नाल्यातही येऊ शकतो.

दोन दिवस बर्फ पडला, आज लख्ख ऊन आहे. निघायचं ना?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि माझं उत्तर बहुतेक वेळा 'थांबा' असतं. सह्याद्रीची सवय इथे आपल्याला फसवते. तिथे पाऊस उघडला की मोकळं झाल्यासारखं वाटतं. इथे उघडीप म्हणजे नवा भार नुकताच बसलाय आणि खालच्या थराने तो पेलला की नाही हे अजून ठरायचंय. बरीचशी हिमस्खलनं बर्फ पडत असताना आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत होतात. २४ तासांत फूटभर बर्फ आणि सोबत वारा, एवढं झालं असेल तर निदान दोन दिवस तिरक्या उतारांपासून लांब राहावं. खाली साखरेचा थर असेल तर धोका आठवडेच्या आठवडे टिकतो.

वाऱ्याकडे लोकांचं लक्षच नसतं. आभाळातून एक कण पडत नसतानाही वारा धारेच्या एका बाजूचा बर्फ उचलून दुसऱ्या बाजूला टाकतो, आणि पडणाऱ्या बर्फाच्या कितीतरी पट वेगाने टाकतो. निळ्या आकाशात शिखरावरून पांढरा पदर उडताना दिसला की फोटो सुंदर येतो. त्याच वेळी पदराच्या खालच्या उतारावर भार वाढत असतो. तो बर्फ पायाखाली टणक, पोकळ ढोलासारखा वाजतो.

उन्हाचं आणखी एक. फेब्रुवारीच्या अखेरीपासून दक्षिणेकडचे उतार दुपारी ओले होऊन सुटायला लागतात. वरून बर्फाचे गोळे चाकासारखे गडगडत येताना दिसले, किंवा घोट्याच्या वर पाय रुतायला लागला, की उशीर झालाय. म्हणूनच पहाटे तीनला उठवतात. सूर्योदयाचा फोटो हा त्यातला वरकड फायदा.

अंदाज कुठे बघायचा?

हिमस्खलनाचा इशारा चंडीगडची डीजीआरई ही डीआरडीओची संस्था देते. पूर्वी तिचं काम सासे या नावाने चालायचं. इशारा जिल्हावार असतो: अमुक जिल्ह्यात तमुक मीटरच्या वर, पुढच्या २४ तासांत, इतका धोका. राज्यांची आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणं तो पुढे पाठवतात. हवामानासाठी भारतीय हवामान खात्याची डेहराडून, शिमला, श्रीनगर आणि लेह इथली केंद्रं बघा. मुंबई-पुण्याला पावसाळ्यात जसा यलो, ऑरेंज, रेड अलर्ट येतो, तेच रंग तिथेही असतात.

एक गोष्ट मनात पक्की ठेवा. जिल्ह्याचा इशारा तुमच्या नळीबद्दल काही सांगत नाही. आणि 'मध्यम' हा शब्द वाचून निर्धास्त होऊ नका. युरोपात पाच पायऱ्यांची धोक्याची पट्टी वापरतात. तिथे सर्वाधिक मृत्यू पाचव्या पायरीवर होत नाहीत, तिसऱ्यावर होतात. पाचव्याला सगळे घरी बसतात, तिसऱ्याला बाहेर पडतात.

हिवाळ्यात बर्फ आणणारं मुख्य वादळ म्हणजे पश्चिमी विक्षोभ. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघून इराण, अफगाणिस्तान ओलांडत तो आपल्याकडे येतो. हवामान खात्याच्या पत्रकात हा शब्द दिसला की तारीख टिपून ठेवा, आपल्या वेळापत्रकाशेजारी मांडा.

मोबाइलवर गावाचं तापमान दिसतं. वरचं कसं काढायचं?

हजार मीटर चढलात की साधारण साडेसहा अंश वजा करा. पायथ्याचं सांकरी गाव सुमारे १,९०० मीटरवर आहे, केदारकंठा ३,८०० मीटरवर. सांकरीत पहाटे शून्य असेल तर माथ्यावर उणे बारा धरा. त्यावर वारा वेगळा. ताशी तीस-चाळीस किलोमीटरच्या वाऱ्यात तेच उणे बारा अंगाला उणे वीसच्या पलीकडचं लागतं. हातमोजा काढून बुटाची नाडी बांधायला दोन मिनिटं लागली तर बोटं बधिर होतात, हे आधी घरी गॅलरीत हातमोजे घालून नाडी बांधायची सवय केली तर टळतं.

रेंज नसेल तर आकाशावरून काही कळतं का?

बरंच कळतं. आपल्या आज्या चंद्राला खळं पडलं की पाऊस येणार म्हणायच्या. हिमालयात हिवाळ्यात हे लक्षण खूप उपयोगी पडतं. विक्षोभाच्या पुढे उंचावर हिमकणांचे पातळ ढग येतात, त्यातून सूर्याला किंवा चंद्राला खळं दिसतं. दर वेळी बर्फ येतोच असं नाही, पण खळं पडल्यावर ढग खाली उतरत, दाट होत गेले तर एका दिवसाच्या आत बदल होणार असं धरून चला.

घड्याळात उंची दाखवणारा बॅरोमीटर असेल तर मुक्कामी पोचल्यावर उंची लिहून ठेवा. सकाळी तंबू न हलताच घड्याळ चाळीस-पन्नास मीटर 'चढलेलं' दिसलं, तर रात्रीतून हवेचा दाब चारेक हेक्टोपास्कलने उतरलाय. उन्हाळी ट्रेकमध्ये वेगळं बघायचं: सकाळी दहालाच ढगांचे कोबीसारखे गड्डे उभे राहायला लागले तर दुपारी गडगडाट. तेव्हा धारेवर असू नये.

हे सगळं हिवाळ्याचं. आम्ही ऑक्टोबरात किंवा मे-जूनमध्ये जातोय.

हा गैरसमज महागात पडलेला आहे. द्रौपदी का डांडा-२ या शिखरावर ४ ऑक्टोबर २०२२ला नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या प्रशिक्षणार्थींवर हिमस्खलन कोसळलं. २९ जण गेले. त्यात प्रशिक्षक सविता कंसवाल होत्या. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी एव्हरेस्ट आणि मकालू सोळा दिवसांच्या आत चढले होते. पावसाळ्यात उंचावर बर्फच पडत असतो, म्हणून ऑक्टोबरात वरचे उतार भरलेले असतात.

दुसरं, बंगालच्या उपसागराकडे बघा. 'हुदहुद' चक्रीवादळ १२ ऑक्टोबर २०१४ला विशाखापट्टणमला धडकलं. दोन दिवसांनी त्याचे अवशेष नेपाळात पोचले आणि ५,४१६ मीटरच्या थोरोंग ला खिंडीत आणि आसपास बर्फाच्या वादळात, हिमस्खलनांत चाळीसहून जास्त माणसं गेली. बरेचसे ट्रेकर त्या सकाळी खिंडीकडे निघालेलेच होते. दिवाळीच्या सुट्टीत नेपाळ किंवा उत्तराखंडला जाणाऱ्याने आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्याची बातमी बघूनच निघावं.

आणि माणूस बर्फाखाली न गाडताही जातो. जून २०२४च्या सुरुवातीला उत्तराखंडात सहस्रतालच्या वाटेवर कर्नाटकातून आलेला, गाइड धरून २२ जणांचा गट वादळात सापडला. नऊ जण परत आले नाहीत.

गुलमर्गला स्की करायचंय. गोंडोला आहे, गस्त आहे. मग सुरक्षितच ना?

गोंडोला, म्हणजे तिथला रोपवे, गुलमर्गच्या वरच्या अफरवट डोंगराच्या अंगावर जवळपास चार हजार मीटरपर्यंत नेऊन सोडतो. चढायचे कष्ट नाहीत, त्यामुळे डोंगर ओळखायला वेळच मिळत नाही. स्की गस्त ठरावीक हद्दीपुरती काम करते. हद्दीची दोरी ओलांडली की तो मोकळा डोंगर. पीर पंजालमध्ये बर्फ भरपूर आणि ओलसर पडतो, एका वादळात कंबरभर साठू शकतो. चिल्लई कलानच्या, म्हणजे काश्मीरातल्या कडाक्याच्या थंडीच्या, चाळीस दिवसांत, म्हणजे २१ डिसेंबरपासून जानेवारीअखेरपर्यंत, थर सारखे बदलत असतात. वरचा टप्पा बंद असेल तर वाद घालू नका, खालच्या टप्प्यावर स्की करा.

बीकन घ्यावा का?

तिरक्या बर्फावर जाणार असाल तर हो. पण तिन्ही मिळून: बीकन, प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी) आणि फावडं, प्रत्येकाकडे. बीकन ४५७ किलोहर्ट्झवर संदेश पाठवतो आणि सोबतचे तो शोधतात. म्हणजे तुमचा बीकन तुम्हाला वाचवत नाही, मित्राचा सराव वाचवतो. नुसता एकट्याने घालून निघण्यात अर्थ नाही. नेहमीच्या केदारकंठा-ब्रह्मतालला बहुतेक कुणी हे नेत नाही. मग तिथे वाट आणि दिवस निवडणं एवढंच हाती उरतं, आणि त्याबाबत दुप्पट कडक राहावं.

सापडलोच तर? सियाचेनला एक जवान सहा दिवस जिवंत राहिले होते ना?

हो. लान्स नायक हणमंतप्पा कोप्पड. ३ फेब्रुवारी २०१६ला सोनम चौकीवर बर्फाची भिंत कोसळली, दहा जण गाडले गेले, सहा दिवसांनी ते जिवंत सापडले आणि ११ फेब्रुवारीला दिल्लीत त्यांनी प्राण सोडला. त्या माणसाच्या चिवटपणापुढे मान झुकते. पण त्यावरून आपला हिशोब मांडू नका. पूर्ण गाडलेल्या माणसाला पहिली दहा-पंधरा मिनिटं मिळतात. त्यानंतर जगण्याची शक्यता झपाट्याने उतरते, कारण हवा संपते. खालून मदत यायला तास लागतात. वाचवणार ते सोबतचेच.

उतार सुटला तर ओरडा, काठ्या सोडा, बाजूला निसटायचा प्रयत्न करा, वर राहण्यासाठी हातपाय मारा. वेग मंदावतोय असं वाटताच एक हात तोंडासमोर आणा आणि जागा करा, कारण थांबलेला बर्फ क्षणात सिमेंटसारखा बसतो. बघणाऱ्यांनी माणूस शेवटचा कुठे दिसला ती जागा नजरेने धरून ठेवावी. दुसरा लोंढा येत नाही ना ते बघून तिथून खाली शोध सुरू करावा: हातमोजा, टोपी, काठी, काहीही. सगळ्यांनी मदत आणायला धावू नये.

ट्रेक नेणाऱ्यांना काय विचारावं?

मी तीन गोष्टी विचारतो. राखीव दिवस आहे का? मागच्या हंगामात कुठल्या कारणाने माथा न गाठता परत आलात? आणि परत फिरायचा निर्णय कोण घेतो, वरचा गाइड की शहरातलं ऑफिस? दुसऱ्या प्रश्नाला 'आमचे सगळे ट्रेक पूर्ण होतात' असं उत्तर आलं तर मी पैसे भरत नाही. एकदा अशाच एका गटासोबत गेलो होतो. रात्रभर बर्फ पडूनही सकाळी निघालो, कारण परतीची रेल्वे दोन दिवसांवर होती. काही झालं नाही. पण काही झालं नाही म्हणून तो निर्णय बरोबर ठरत नाही, आणि आजही त्या सकाळची आठवण मला अस्वस्थ करते. तेव्हापासून परतीचं तिकीट मी दोन दिवस पुढचं काढतो.

सॅटेलाइट फोन सोबत ठेवला तर?

भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय तो बाळगता येत नाही. उपग्रहावरून संदेश पाठवणाऱ्या छोट्या यंत्रांनाही हेच लागू आहे. विमानतळावर पकडले गेलेले लोक आहेत. परदेशातून येणाऱ्या आपल्या मित्र-नातेवाइकांना हे आवर्जून सांगा, कारण त्यांच्याकडे ते सर्रास असतं.

घरी काय सांगून निघावं?

कागदावर लिहून द्या: वाट कुठली, मुक्काम कुठे कुठे, सोबत कोण, जिल्हा आणि पोलीस ठाणं कुठलं, शेवटचं रेंजचं गाव कुठलं, आणि कुठल्या दिवशी किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर ११२ला फोन करायचा. त्या वेळेत राखीव दिवस आधीच धरा, म्हणजे तुम्ही वर तंबूत वादळ ओसरायची वाट बघत असताना खाली आईच्या जिवाला घोर लागणार नाही.